नसलेल्या नटीचा फोटो

जव्हारच्या एसटी स्टँडजवळ माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत झेरॉक्स मशीन, कॉम्प्युटर आणि लाकडी बाक. मागच्या खोलीत निळा पडदा, दोन दिवे आणि एक स्टूल. बी.ए. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत म्हणून मी तिथे बसायला लागले, ती अजून तिथेच आहे. दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे, पासपोर्ट फोटो काढायचे, लॅमिनेशन करून द्यायचं. जामसर, साखरशेतपासून थेट मोखाड्यापलीकडच्या पाड्यांपर्यंतची माणसं आमच्या त्या स्टुलावर बसून गेली आहेत.

पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी. लावणीच्या दिवसांत तर कोणी फिरकत नाही. अशाच एका पावसाळ्यात मी मोबाईलवर एक कार्टून मालिका बघायला लागले. लहान मुलांची नव्हती ती. डोंगरवाटांनी एका गावचे निरोप दुसऱ्या गावी पोचवणारी एक मुलगी होती, आणि दोन्ही सीझनमध्ये ती एक शब्दही बोलत नाही. बुटकी, काळी, एक वेणी, डावी भुवई मधोमध तुटलेली. ती दारात येऊन उभी राहिली की घरातल्यांना कळायचं, निरोप चांगला आहे की वाईट. मला ती फार आवडली. आमच्याकडच्या पोरींसारखी वाटायची म्हणूनही असेल.

मग बातमी आली की या मालिकेवरून खरी माणसं घेऊन नवी मालिका निघणार आहे. मी फॅन लोकांच्या एका ग्रुपमध्ये होते. तिथे एकच धुमाळी सुरू झाली. जो तो आपापल्या आवडत्या नटीचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचा, हिलाच घ्या. सगळ्या उंच, गोऱ्या, मोठमोठ्या सिनेमांतल्या. कोणी त्यांना चित्रात काळा रंग फासून दाखवायचं, कोणी भुवई खोडायचं. मला राग यायचा. जी मुलगी आयुष्यभर ओझं घेऊन डोंगर चढली तिच्यासाठी यांना एक साधा चेहरा सापडू नये?

तेव्हा मी एक गोष्ट केली. चेहरे मिसळून नवा चेहरा बनवणारं एक ॲप दुकानातल्या कॉम्प्युटरवर होतं. त्यात ॲपमधलेच तयार चेहरे वापरले तर पुन्हा शहरातल्या पोरी निघायच्या. म्हणून मी कॉम्प्युटरवरचं जुनं फोल्डर उघडलं. त्यात आम्ही काढलेले वर्षानुवर्षांचे पासपोर्ट फोटो पडलेले असतात. त्यातून पाच मुलींचे फोटो उचलले. कोणाचे ते बघितलंही नाही, नंबर असतात नुसते. विचारायचं सुचलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे विचारायला लागेल हे मला माहीत होतं, म्हणूनच मी मामा जेवायला घरी गेल्यावर ते केलं.

पाच चेहऱ्यांचा एक चेहरा झाला. वेणी मी घातली, भुवईचा काप मी दिला, अगदी कार्टूनमधल्यासारखा. मागे धुकं टाकलं. तयार झालेल्या फोटोकडे मी बराच वेळ बघत बसले. ओळखीची वाटत होती, पण कुठली ते आठवेना.

नुसता फोटो टाकला असता तर एवढं झालं नसतं. मी खाली लिहिलं, "ही नवीन नटी आहे. ठाण्यात प्रायोगिक नाटकं करते. मूळची आमच्या भागातली." एक नावही दिलं, मनाला येईल ते.

दोन दिवसांत तो फोटो माझ्या हातात राहिला नाही. लोकांनी तिची पोस्टरं बनवली. ग्रुपमधल्या सगळ्यांचं ठरूनच गेलं, दुसरी कोणी नको, हीच हवी. इथपर्यंत मला गंमत वाटत होती. मग लोक तिच्या आठवणी लिहायला लागले.

एकाने लिहिलं, मी हिला ठाण्यात एका एकांकिकेत पाहिलंय, छोटं काम होतं, पण नजर हटत नव्हती. मी हसले. दुसऱ्या दिवशी एका बाईने लिहिलं, "हो, त्या नाटकात मीही होते प्रेक्षकांत. ही पूर्ण वेळ मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला एकही वाक्य नव्हतं. नाटक संपल्यावर सगळे नट पुढे आले, ही आली नाही." त्याखाली तिसऱ्याने लिहिलं की आमच्याही गावात प्रयोग झाला होता आणि तेव्हाही ती पुढे आली नव्हती. हे तिघं एकमेकांना ओळखत नव्हते. एकजण पुण्याचा, एक नाशिकची, तिसऱ्याचा पत्ता नव्हता. मी त्या बाईला खाजगीत विचारलं, तुम्ही नक्की बघितलंय? तिने लिहिलं, "अहो, ती भुवई मी कशी विसरेन?"

मी मोबाईल उपडा ठेवला आणि जाऊन झेरॉक्स मशीन पुसत बसले.

पुढच्या आठवड्यात, श्रावण संपता संपता, त्या दोघी आल्या. दिवस असूनही दुकानात दिवे लागलेले होते. जव्हारला असं धुकं उतरलं की समोरचा स्टँडसुद्धा दिसत नाही, एसटीचा आवाज आधी येतो आणि एसटी नंतर. पायऱ्यांवर आधी मला दोघींचे पाय दिसले. एक जण साधारण पन्नाशीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. दुसरी कॉलेजातली मुलगी, पाठीवर सॅक.

मुलीने मोबाईल माझ्यासमोर धरला. "ताई, हा फोटो तुम्ही टाकलाय ना? खाली तुमच्या दुकानाचं नाव आलंय."

खरंच आलं होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून काही केलं की कोपऱ्यात बारीक अक्षरांत आमचं नाव उमटतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "का गं?"

ती काही बोलायच्या आत बाई पुढे झाल्या. त्यांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले. "बाय, माझी पोर कठं हाय?"

मला कळेना. मुलीने सांगितलं. त्या खोडाळ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या. ही आई. तिची थोरली मुलगी, म्हणजे या मुलीची बहीण, पाच वर्षांपूर्वी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर कामाला गेली होती घरच्यांबरोबर. तिथूनच एके दिवशी गेली, ती पुन्हा दिसली नाही. पोलिसांत कागद दिला होता. वडील त्यानंतर दोन वर्षांनी वारले. धाकटी जव्हारला वसतिगृहात राहून शिकत होती. तीही ती कार्टून मालिका बघायची. वर्गातल्या मैत्रिणीने तिला हा फोटो दाखवला.

"मी शनिवारी घरी गेले तेव्हा आईला दाखवला," ती म्हणाली. "दाखवायला नको होता का?"

मी मावशींना बाकावर बसवलं. पाणी दिलं. आणि जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगितलं, की ही कोणी खरी मुलगी नाही. मी मशीनवर बनवलेली आहे. ते नाटकाचं, ठाण्याचं, सगळं मी खोटं लिहिलं.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माणूस असल्याशिवाय फोटो कसा येल?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मला समजत नसेल म्हणून जरा सावकाश. मग कनवटीला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात एक पासपोर्ट फोटो होता. मागे आमच्याच दुकानाचा शिक्का. दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला, निळा पडदा, तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या. तो मी मोबाईलशेजारी धरला. पाच मुलींचे चेहरे मिसळले होते मी. पण डोळे, गाल, हनुवटी, सगळं हिचंच आलं होतं. बाकीच्या चौघी कुठे गेल्या होत्या कोण जाणे.

एवढ्याचं कारण तरी होतं. तो फोटो त्या पाचांत असणार. पण मावशींनी मोबाईलच्या काचेवर बोट ठेवलं, बरोबर डाव्या भुवईवर. "गवत कापताना विळा लागला व्हता. दहावी झाल्यावर."

पासपोर्ट फोटोत भुवई अख्खी होती. काप मी दिला होता, कार्टून बघून, ब्रशने.

"मशीनला कसं कळलं मग?" मावशी म्हणाल्या.

धाकटी माझ्याकडे बघत होती. आईला बाहेर बसवून ती आत आली आणि म्हणाली, "तुम्ही तिचा फोटो न विचारता घेतला." मी हो म्हणाले. ती गेल्यावर मी फोल्डर उघडून बघितलं. पाचांतला तिसरा नंबर तिचा होता.

मी ती पोस्ट काढून टाकली. मामाला सगळं सांगितलं. तो माझ्यावर कधी ओरडत नाही. तेव्हाही ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "लोक आपल्याकडे विश्वासाने तोंड ठेवून जातात गं." त्याच दिवशी त्याने ते सगळं फोल्डर पुसलं. पण फोटो आता शेकडो ठिकाणी होता. ग्रुपवर मी लिहिलं की ही मुलगी खरी नाही, मी बनवलेली आहे. लोकांनी मलाच वेड्यात काढलं. तिला संधी मिळतेय म्हणून जळता का, असं एकीने विचारलं.

मावशी मात्र बाजाराला आल्या की दुकानात यायच्या. बाकावर बसायच्या. काही मागायच्या नाहीत. तासाभराने विचारायच्या, "काय निरोप?" मी म्हणायचे, नाही मावशी. त्या मान हलवायच्या आणि जीपकडे निघायच्या. एकदा म्हणाल्या, मोबाईलमधला तिचा फोटो मोठा काढून दे. मी धाकटीला विचारलं. ती आता माझ्याशी बोलायला लागली होती, थोडंसं. ती म्हणाली, "द्या. नाहीतर ती माझा मोबाईल सोडत नाही." मी मोठी प्रिंट काढून लॅमिनेट करून दिली. आज वाटतं, ती द्यायला नको होती.

दिवाळी झाली. भात झोडून झाला, पाडे रिकामे व्हायला लागले. एका सकाळी मी एका माणसाचा फॉर्म भरत होते आणि दारात एक बाई उभी राहिली. पंजाबी ड्रेस, हातात पर्स, चेहरा उन्हातान्हाने ओढलेला. तिशीची वाटत होती. ती तशीच उभी राहिली, काही न बोलता, त्या माणसाचं काम होईपर्यंत. तो गेल्यावर ती आत आली आणि म्हणाली, "मेरा फोटो किसने डाला?" आणि मग मराठीत, "माझा फोटो कोणी टाकला?"

मी तिच्याकडे बघितलं, आणि मला कळायला वेळ लागला. डोळे तेच होते. बाकी काही तेच नव्हतं.

ती भिवंडीत एका गोदामात माल भरायचं काम करत होती. भट्टीवरून ती एकाबरोबर निघून गेली होती, लग्न केलं होतं. घरचे मारतील म्हणून आधी कळवलं नाही, आणि नंतर इतके दिवस झाले की कोणत्या तोंडाने कळवावं ते समजेना. गोदामातल्या बायका तिला चिडवायला लागल्या, तू तर हिरॉईन झालीस म्हणून. ती घाबरली. कोणीतरी आपल्या मागावर आहे असं तिला वाटलं. फोटोतल्या बारीक अक्षरांवरून ती इथवर आली होती.

मी तिलाही सगळं सांगितलं. फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून बघितला.

"मी अशी कधी नव्हते," ती म्हणाली. "ही तर कुठं गेलीच नाही."

वडील गेल्याचं तिला माहीत नव्हतं. ते धाकटीने सांगितलं. मी तिला वसतिगृहातून बोलावून घेतलं होतं. दोघी मागच्या खोलीत निळ्या पडद्यासमोर बसून रडल्या. मग थोरली म्हणाली, "घरी जायचंय. एकटी नको, ताई तुम्ही पण चला." मामाने दुकान बघतो म्हणून सांगितलं.

मोखाड्याला जीप बदलून आम्ही दुपारी पाड्यावर पोचलो. कडक ऊन होतं. पाड्यात म्हातारी माणसं आणि कोंबड्या, बाकी सगळे कामाला बाहेर. मावशी अंगणात वरईला वारा देत होत्या. आम्हाला बघून सूप खाली ठेवलं. मला ओळखलं, धाकटीच्या गालाला हात लावला. मग थोरलीकडे बघितलं.

"आई," थोरली म्हणाली आणि पुढे झाली.

मावशी एक पाऊल मागे सरकल्या. घाबरून नाही, पाहुण्याला वाट देताना सरकतात तशा. "या, बसा," म्हणाल्या. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. आम्ही आत गेलो. कुडाच्या भिंतीवर तो लॅमिनेट केलेला फोटो टांगलेला होता, खाली झेंडूची दोन फुलं. थोरलीने ते बघितलं आणि जिथे होती तिथेच बसली.

"आई, ताई आली," धाकटी म्हणाली. "आई, नीट बघ. आपली ताई."

मावशींनी नीट बघितलं. उठून जवळ आल्या, थोरलीची हनुवटी धरून चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला. अंगठ्याने तिची डावी भुवई चाचपली. पाच वर्षांत तो व्रण भरून आला होता. केस उगवले होते. जवळून बघितलं तर बारीकशी रेघ होती, एवढीच. मावशींनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, तिथे काप स्पष्ट होता. त्यांनी हनुवटी सोडली.

"तुमी तिच्याबरोबर कामाला हाय काय?" त्यांनी विचारलं. आपल्या मुलीला त्या अहोजाहो करत होत्या.

बाहेर कोंबडी वरईत शिरली होती, तिच्या नखांचे आवाज येत होते. धाकटीने तोंडावर हात दाबून धरला होता. मला वाटलं, थोरली आता किंचाळेल, तो फोटो ओढून फाडेल. मी तयारच होते त्याला.

थोरलीने ओढणीने तोंड पुसलं. "हो," ती म्हणाली. "बरोबरच असतो आम्ही."

"बरी हाय?"

"बरी आहे."

"जेवते का नीट?"

"जेवते. तिनंच पाठवलं मला. सांगून ये म्हणाली, आईला म्हणावं काळजी करू नको."

मावशींच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला बघवेना. त्यांनी भाकरी टाकायला घेतली. थोरली चुलीसमोर बसून त्यांना स्वतःबद्दल सांगत राहिली, त्रयस्थ माणसाचं सांगावं तसं. ती कुठे राहते, खोलीला खिडकी आहे, नवरा चांगला आहे, पीत नाही. मावशी मधेमधे भिंतीवरच्या फोटोकडे बघून हसायच्या. निघताना त्यांनी नागलीचं पीठ बांधून दिलं, "तिला द्या" म्हणून. थोरलीला जवळ घेतलं नाही.

जीपमध्ये मी म्हणाले, "पुन्हा सांगू त्यांना. डॉक्टरांना दाखवू." धाकटीने मान हलवली. थोरली पिठाची पुडी मांडीवर घेऊन बाहेर बघत होती. "तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं," ती म्हणाली. "निरोप."

आम्ही डॉक्टरांना दाखवलं. जव्हारला एकदा, नाशिकला एकदा. बाकी सगळं त्यांचं व्यवस्थित आहे. शेत बघतात, बचतगटाला जातात, कोणाचं कोण लागतं ते सांगतात. थोरली दर रविवारी धाकटीच्या मोबाईलवर फोन करते, आणि मावशी तिला विचारतात, ती कशी आहे.

ती नवी मालिका मधल्या काळात आली. भूमिका दुसऱ्याच कुणी केली, चांगली केली असं म्हणतात. धाकटीने आणि मी दुकानात बसून दोन भाग बघितले. दुसऱ्या भागात ती मुलगी एका दारात येऊन उभी राहते, तिथे धाकटी म्हणाली, "बंद करा ताई." ग्रुपवर अजून लोक म्हणतात, आधी जिला घेतलं होतं तिला ऐनवेळी काढलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या शिमग्याला थोरली आली, तीन महिन्यांची मुलगी घेऊन. मला फोन करून बोलावलं होतं, बाळाचे फोटो काढायला. मी कॅमेरा घेऊन गेले. मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी थोरलीला "या" म्हटलं आणि हात पुढे केले, आणि बाळाला असं घेतलं की जणू रोजच घेतात. कोणाचं, काय, काही विचारलं नाही. टाळूवर नाक टेकवलं, वास घेतला. बाळाची बोटं मोजली. दाराशी उजेडात नेऊन चेहरा बघितला.

"माझी नात," पाड्यातल्या बायांना म्हणाल्या. मग थोरलीकडे वळून, अगदी मायेने, "तिला सांगा, पोरीचं नाक माझ्यावर गेलंय."

थोरली ओट्यावर बसली होती, चपला काढत. तिने वर बघितलं.

"सांगते," ती म्हणाली.